वरातीच्या बोलीवर

दस्तगीरमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर, मे महिन्याच्या भर दुपारी, लाल बनातीच्या कोटात. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन ओळी, मांडीवर तुऱ्याची टोपी. सोलापूरच्या मे महिन्यात माणसाला अंगावरचा बनियनसुद्धा जड होतो. हा गृहस्थ मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून, घाम निथळत, शांत बसला होता. शेजारी चाकांच्या खुर्चीत नऊएक वर्षांची मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, आणि डोळ्यांत एक मिश्कील कंटाळा.

"आज लग्न आहे का कुठं?" मी न राहवून विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "आज ॲडमिशन हाय."

मग त्यांनी आपण होऊनच खुलासा केला. त्यांचा लग्नात वाजवायचा बँड होता आणि ते त्याचे मास्तर. क्लॅरोनेट वाजवायचे. "साध्या शर्टात आलो की शिपाई म्हणतंय, थांबा तिकडं. ह्यो कोट बघितला की आधी उठून उभं राहतंय, मग विचारतंय कोण पायजे. तेवढ्यात आपण आत."

खरोखरच त्या दिवशी शिपाई उठून उभा राहिला. मास्तर आत गेले आणि थोड्या वेळात बाहेर आले. त्यांच्या नातीला, शाहीनला, पाचवीत प्रवेश नाकारला होता. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने शाहीनचे हातपाय तिचं ऐकत नसत आणि शब्द तोंडातून निघायला वेळ लागे. बाकी डोकं तिचं वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा तल्लख होतं. पण पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरत होता आणि 'अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात' असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत तेच वाक्य, त्याच गोड आवाजात, मलाही ऐकायला मिळालं. माझा ओम स्वमग्न आहे. त्याला चौथीतून पुढं न्यायला शाळा तयार नव्हती.

मी बाहेर आले तेव्हा मास्तर अजून तिथंच होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "तुमाला पण सनई ऐकवली का बाईंनी?"

मला रडू येत होतं आणि मी हसले. आमची ओळख झाली ती अशी.

माणसांना वाद्यांची नावं द्यायची त्यांना खोडच होती. मुख्याध्यापिका म्हणजे सनई: कितीही वाईट बातमी असो, सूर मंगलच. त्यांचा जावई ट्रकवर ड्रायव्हर होता, महिना महिना बाहेर असायचा. तो साइड ड्रम, कारण कामापुरताच वाजतो. मुलगी शबाना, म्हणजे शाहीनची आई, घरी ब्लाउज शिवायची, ती बासरी. आणि मी? "तुमी झांज, ताई. लई वेळ गप, मग एकदम." मी बँकेत काउंटरवर बसते. माझ्या सहकाऱ्यांना हे वर्णन इतकं पटलं की मला अजून काहीजण झांजताई म्हणतात.

वकिलाकडं जायची कल्पना माझी. कोर्टामागच्या गल्लीत बिराजदार वकिलांचं ऑफिस होतं. पोट सुटलेले, खर्जातल्या आवाजाचे बिराजदारसाहेब आमच्या बँकेचे खातेदार होते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कायदा आपल्या बाजूनं आहे. दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत, बाकीच्या मुलांबरोबर शिकायचा हक्क आहे. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करायची. तक्रारीला फी नाही.

"मग खर्च कशाचा?" मास्तरांनी विचारलं.

"शाळा वकील आणणार. मग आपल्यालाही पाहिजे. दाखले, तज्ज्ञांचे रिपोर्ट. मुलांना घेऊन पुण्याच्या फेऱ्या. आणि तारखा पडतात." वकील मास्तरांकडं वळले. "अपंग मुलांना सरकारकडून मोफत वकील मिळू शकतो, मास्तर. उत्पन्नाची अट नाही. अर्ज करून देऊ का?"

मास्तरांनी मान हलवली. "फुकटच्या बँडला कुणी 'अजून एक गाणं होऊ द्या' म्हणत न्हाय, साहेब. तुमची सुपारी काय ते सांगा."

वकिलांनी फी सांगितली. मास्तरांनी डोळे मिटले.

"पेट्रोल धरून?"

"पुण्याचा प्रवास वेगळा."

"नाष्टा?"

"डबा मी घरून आणतो."

"म्हंजे तुमी आमच्यापरीस स्वस्त पडला. आमी नाष्टा पार्टीकडनं घेतो." त्यांनी डोळे उघडले. "साहेब, रोख माझ्याकडं न्हाय. आता जून लागंल, मुहूर्त संपतील. पण तुमच्या घरच्या लग्नात बँड माझा. सगळी माणसं, लाइटच्या छत्र्या, बग्गी, घोडा. एक पैसा घेणार न्हाय."

बिराजदारसाहेब खुर्चीसकट हसले. "अहो, माझ्या घरात लग्नाची एकच आहे. ही माझी लेक, पल्लवी. आणि ती लग्नाचं नाव काढू देत नाही."

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर एक मुलगी टाइप करत होती. नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती तिला. मान वर न करता म्हणाली, "अण्णा, मी इथंच बसलेय."

"काय घाई न्हाय," मास्तर म्हणाले. "बँड वाट बघंल. पितळ काय नासत न्हाय."

आणि वकिलांनी ते मान्य केलं. माझी फी मी रोख भरली. शाहीनची केस एका न ठरलेल्या लग्नाच्या वरातीवर उभी राहिली.

पण घेतलेली सुपारी लांबणीवर टाकणं मास्तरांच्या स्वभावात बसत नव्हतं. फी द्यायची तर पल्लवीचं लग्न व्हायला हवं, म्हणून त्यांनी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. जिल्ह्यातलं कुठलं घर कसं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सगळ्यांच्या दारात ते वाजवून आले होते. वरातीत कोण दारू पिऊन पडतं, कोण व्याह्याशी भांडतं, कुठली सासू सुनेला जेवायला शेवटी बसवते, सगळा इतिहास तोंडपाठ. पहिल्या तारखेला आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो: बिराजदारसाहेब, पल्लवी, मास्तर, शाहीन, मी आणि ओम. गाडीनं स्टेशन सोडलं न सोडलं तोच मास्तर पल्लवीकडं वळले.

"बेटी, अक्कलकोटला एक मुलगा हाय. ट्रॅक्टरची एजन्सी. तुमच्यातलाच. त्याच्या बापाच्या लग्नात मीच वाजवलंय. माणूस नाचताना पण कुणाच्या पायावर पाय देत न्हाय."

"मास्तर, तुम्हाला केस हरायची आहे का?"

"न्हाय."

"मग मला वाचू द्या."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. कुर्डूवाडी आलं. गाडी थांबली, सुटली. मास्तरांनी घसा साफ केला. "बार्शीला एक दातांचा डॉक्टर हाय."

शाहीन आपल्या नानांवर इतकी हसली की तिची ओढणी घसरली. तिचं हसणं मोठं होतं, अख्खं शरीर हलवणारं, आणि ते सुरू झालं की डब्यातली अनोळखी माणसंही कारण न विचारता हसायला लागत.

पुण्यातल्या त्या ऑफिसच्या दारात रखवालदारानं मास्तरांच्या कोटाला कडक सलाम ठोकला. मास्तरांनीही ठोकला. त्या दिवशी शाळेच्या वकिलांनी मुदत मागितली आणि आम्ही सलामाशिवाय काहीही न मिळवता परत आलो.

ओमबद्दल एक सांगायलाच हवं. त्याला मोठा आवाज सहन होत नाही. कुकरची शिट्टी वाजली तरी तो कान दाबून कोपऱ्यात जातो. बँडवाल्याशी त्याचं जमणं अशक्यच होतं. मास्तरांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. आपलं वाद्यच कुणाला नको असेल हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले, क्लॅरोनेट घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. मग आतून एक सूर आला, इतका बारीक की आधी मला तो फ्रिजचा वाटला. बराच वेळ तो एकच सूर. ओम हॉलमध्ये फरशीवर गाड्या लावत बसला होता. त्यानं कान दाबले नाहीत. नंतर उठला, स्वयंपाकघराचं दार ढकललं, आत जाऊन मास्तरांच्या गालावर हात ठेवला, जिथं हवा भरते तिथं. मास्तर वाजवत राहिले. चहा मात्र उकळून सगळा ओट्यावर गेला.

पाऊस सरला, दिवाळी झाली, तारखा पडत राहिल्या. कधी अधिकारी दौऱ्यावर, कधी समोरचे वकील आजारी. तुळशीचं लग्न लागलं आणि मुहूर्त सुरू झाले, तसा खरा पेच आला. ऐन दाट लग्नतिथीच्या दिवशी पुण्याची तारीख. मास्तरांनी बँड मोहोळच्या लग्नाला पाठवला आणि स्वतः आमच्याबरोबर गाडीत बसले. मास्तर नसलेला बँड मोहोळला उतरला, समोर मांडव दिसला, नवरदेव घोड्यावर बसलेला दिसला, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वरात देवळापर्यंत गेली, परत आली, माणसं जेवली. मग कळलं की नवरदेव दुसराच होता. आपला नवरदेव दोन गल्ल्या पलीकडं, घोड्यावर बसून बँडची वाट बघत होता.

परतीच्या गाडीत माझ्या फोनवर आलेली ही बातमी ऐकताना मास्तरांना हसू आवरेना. "जेवण कसं होतं इचारा," ते मला म्हणाले. पण त्या पार्टीनं इसार परत मागितला, गावात बोभाटा झाला आणि त्या हंगामातल्या बऱ्याच सुपाऱ्या हातच्या गेल्या. वाजवणारी दोन माणसं दुसऱ्या बँडमध्ये गेली.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. शबाना मशीनवर बसली होती. माझ्यासमोरच ती वडिलांना म्हणाली, "अब्बा, बस झालं आता. बँड मोडंल. मी शिकवते तिला घरीच."

कोट खुंटीवर होता. बनियनमध्ये मास्तर एकदम लहान दिसत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "कायदा फुकट हाय म्हणतात, ताई. फुकटच हाय. पर त्याच्या दारापतुर जायचं भाडं लई हाय."

मी म्हटलं, या वेळचं तिकीट मी काढते. ते म्हणाले, "नक्को. तुमची स्वतःची पालखी तुमच्या खांद्यावर हाय." शाहीन दाराजवळ खुर्चीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा हसू नव्हतं.

पुढची तारीख आली आणि बिराजदारसाहेबांची कंबर धरली. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पल्लवी एकटीच आली, काळा कोट हातावर, चेहरा कोटापेक्षा काळवंडलेला. "माझी पहिलीच केस आहे एकटीनं," ती मला हळूच म्हणाली. "मास्तरांना सांगू नका."

मास्तरांनी ते ऐकलंच. मला वाटलं घाबरतील. ते म्हणाले, "बेटी, मी पयल्या वरातीत वाजवलं तवा क्लॅरोनेट उलटं धरलं होतं. कुणाला कळलं पण न्हाय, सगळे नाचत होते."

त्या दिवशी त्यांनी एकही स्थळ सुचवलं नाही.

सुनावणीत शाळेचे वकील बरंच बोलले. जिना, जागा, शिक्षकांची कमतरता. शेवटी म्हणाले की मुलीला शिकवलेलं कळतं की नाही याचीच शंका आहे. पल्लवी उठली. तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांत थरथरला, मग स्थिर झाला. ती म्हणाली, "मुलगी इथंच आहे. तिलाच विचारावं."

अधिकारी पन्नाशीचे, चष्मेवाले, थकलेले गृहस्थ होते. ते पुढं झुकले. "बाळ, तुला शाळेत का जायचंय?"

शाहीननं तोंड उघडलं. शब्द येईना. तिची मान एका बाजूला गेली, हात वर उचलला गेला. सगळे थांबले. मास्तर बोलायला पुढं सरकले, तेवढ्यात पल्लवीनं त्यांचं मनगट धरून ठेवलं. पंखा फिरत होता. मी ओमचा हात घट्ट धरला होता.

"घरी..." शाहीन म्हणाली. परत थांबली. अधिकारी तसेच झुकून राहिले. "घरी... नाना... लई... बोलतात."

आधी अधिकाऱ्यांच्या चष्म्यामागं काहीतरी हललं. मग ते हसले. टायपिस्ट हसली. शाळेच्या वकिलांनी फाइल तोंडापुढं धरली, पण त्यांचे खांदे हलत होते. शाहीनला आपला विनोद जमल्याचा इतका आनंद झाला की ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. एकटे मास्तर गंभीर होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, खरंच लई बोलतो का मी?"

आदेश आला तो आमच्या बाजूनं. वर्ग तळमजल्यावर आणायचा, उतार बांधायचा, दोन्ही मुलांना प्रवेश, आणि आठवड्यातून ठरल्याप्रमाणे विशेष शिक्षक. पल्लवीनं पालकांचा खर्च शाळेनं द्यावा असंही मागितलं होतं. त्याबद्दल आदेशात अवाक्षर नव्हतं. मास्तरांनी मला पुन्हा एकदा तो वाचायला लावला, खात्री केली, आणि म्हणाले, "इंसाफ मिळाला. भाडं न्हाय मिळालं. चला, मुख्य पंगत तर झाली."

आता फीचा प्रश्न उरला. ते मिठाई घेऊन बिराजदारांकडं गेले, मीही सोबत होते. मास्तर अवघडून म्हणाले, "साहेब, माझं देणं हाय. बेटीचं काय ठरलं तर..."

पल्लवी या वेळी कोपऱ्यात नव्हती. तिला स्वतःचं टेबल मिळालं होतं. ती म्हणाली, "मास्तर, माझं लग्न कधी होईल, होईल की नाही, मलाच माहीत नाही. तुम्हाला फी द्यायची आहे ना? मग माझ्या पहिल्या केसची वरात काढा."

बिराजदारसाहेब कंबरेचा पट्टा सांभाळत म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?"

"तुम्ही तर पैसे बुडाले म्हणून बसला होता, अण्णा. वसूल होतायत ते बघा."

आणि वरात निघाली. मार्चमधल्या एका संध्याकाळी, बिराजदारांच्या ऑफिसपासून मास्तरांच्या चौकापर्यंत. दुसऱ्या बँडमध्ये गेलेले दोघेही त्या दिवसापुरते परत आले होते. लाइटच्या छत्र्या पेटल्या. सजवलेल्या बग्गीत काळ्या कोटातली पल्लवी बसली, चेहरा हातांनी झाकून, आणि तिच्या शेजारी लाल फितीची शाहीन, जिला चेहरा झाकायचं काहीच कारण दिसत नव्हतं. ती दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करत होती. शबाना बग्गीपुढं नाचत होती. तिला नाचता येतं हे तिच्या बापालाही माहीत नव्हतं. ओम आणि मी मुद्दामच मागं, लांबून चालत होतो. त्यानं मोठे हेडफोन लावले होते आणि तो छत्र्यांकडं बघत उड्या मारत होता.

रस्त्यावरचे लोक विचारत, "नवरदेव कुठाय?"

"नवरदेव न्हाय. केस जिंकली," झांजवाला सांगे, आणि झांज वाजवी. दोन दुकानदार तेवढ्यावर नाचात शिरले. एका म्हाताऱ्या बाईंनी काहीही न विचारता दोन्ही मुलींची दृष्ट काढली.

चौकाच्या आधी एका पोलिसानं हात आडवा केला. मागं रिक्षांची रांग लागली होती. "कसली मिरवणूक ही? परवानगी हाय का?"

मास्तरांनी क्लॅरोनेट खाली केलं, खिशातून परवानगीचा कागद काढला आणि अदबीनं म्हणाले, "वकिलाची फी देतोय, साहेब."

पोलिसानं बग्गीकडं पाहिलं, काळ्या कोटाकडं पाहिलं, शाहीनकडं पाहिलं. ती त्यालाही हात करत होती. "मग लवकर द्या की," तो म्हणाला. "ट्रॅफिक तुंबलंय."

पुढच्या वर्षी माझी बदली नाशिकला झाली. सोलापूर सोडायच्या आदल्या दिवशी मी ओमचा दाखला घ्यायला शाळेत गेले होते. सुटायची वेळ होती. फाटकाबाहेर मास्तर उभे होते, साध्या पांढऱ्या शर्टात, शाहीनला न्यायला आलेले. मी शाळेच्या आवारात, ऑफिसच्या खिडकीपाशी होते. त्यांनी मला पाहिलं नाही.

घंटा झाली. नव्या उतारावरून शाहीनची खुर्ची खाली आली. एक मुलगी ढकलत होती, दुसरी पुढं चालत मुलांना बाजूला करत होती, तिसरीनं शाहीनचं दप्तर स्वतःच्या पोटावर अडकवलं होतं. मास्तर लगबगीनं पुढं झाले आणि खुर्चीच्या मुठीकडं हात नेला. शाहीन काहीतरी म्हणाली. त्यांना कळलं नाही असं वाटून ती पुन्हा म्हणाली, आणि मग मलाही ऐकू आलं.

"तुमी... जावा... नाना. मी... यांच्याबरोबर... येते."

मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला. मुली खिदळत त्यांच्या बाजूनं निघून गेल्या, रस्त्याच्या कडेनं, खुर्ची जरा नागमोडी चालवत. मास्तर वळून त्यांच्याकडं बघत राहिले. दोन पावलं मागं गेले, थांबले. कुणाशी तरी बोलावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं, पण जवळ कुणीच नव्हतं. मग पेरूच्या गाडीपाशी गेले, एक पेरू घेतला, त्याला चार चिरा मारून तिखटमीठ भरून घेतलं, आणि फाटकाला टेकून, शाहीनसाठी एकही फोड न ठेवता, एकट्यानं अख्खा खाल्ला.